आटलेली स्ट्रॉबेरी

[मंडई. थंडीतली सकाळ.]

डिसेंबर लागला की पुण्यात मंडईबाहेरच्या गाड्या लाल होतात. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी पसरणीचा घाट उतरून, वाईवरून इथे येते. 2010 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. आजी डबी उलटी करून तळाची फळं बघतात. दबलेलं एक फळ संध्याकाळपर्यंत शेजारच्या चारांना घेऊन बसतं.

[सदाशिव पेठ. तिसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर.]

या घरात ओव्हन नाही. नातीला करायचे आहेत कुकी ट्रफल: आत बिस्किटाचा चुरा आणि फळ, वर चॉकलेटचं कवच. भाजायचं काहीच नाही, बिस्किटं बेकरीतून भाजूनच आली आहेत. कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवर 1955 पासून कयानी बेकरी आहे, तिथली श्रूजबेरी. लोणी इतकं, की हातानंच चुरतात. पुण्यात ट्रफल करायचे तर याहून चांगलं बिस्किट मला सुचत नाही.

मागच्या खेपेला नातीनं ताजी फळं चिरून थेट चुऱ्यात घातली होती. तासाभरात त्याचा लगदा झाला. स्ट्रॉबेरीत शंभरातले नव्वद भाग पाणीच असतं, आणि बिस्किट ते सगळं पिऊन घेतं.

"अगं, आधी आटव तिला," आजी म्हणाल्या. "मोरांब्याला नाही का आपण थांबत?"

[कढईचा जवळून शॉट. फक्त रटरटण्याचा आवाज.]

पाव किलो फळं, दोन चमचे साखर, जाड बुडाची कढई, मंद आच. आधी पाणी सुटतं, मग फेस येतो, मग वास बदलतो. कच्चा, हिरवट वास जाऊन खरा स्ट्रॉबेरीचा वास घरभर होतो. इथे घाई करू नये, एवढंच माझं कळकळीचं सांगणं. उलथनं फिरवल्यावर कढईचा तळ दिसला आणि ती वाट लगेच बुजली नाही, की गॅस बंद. पाव किलोचे जेमतेम चार चमचे उरतात. इसेन्सच्या बाटलीत ही चव नाही.

गार झाल्यावर दोनशे ग्रॅम चुरा, हा आटलेला गर आणि तीन चमचे चक्का. परदेशी कृतीत इथे क्रीम चीज असतं. आजींनी श्रीखंडासाठी टांगलेला चक्का उचलला, आणि त्याच्या आंबटपणानं फळ आणखी खुललं. चक्का मात्र पूर्ण निथळलेला हवा. मिश्रण मुठीत दाबलं की गोळा राहिला पाहिजे. सैल वाटलं तर चुरा वाढवा.

"आजी, हे लाडूच झाले."

"मग वळ लाडवासारखे. बोटांनी नाही, तळव्यावर."

सुपारीपेक्षा थोडे मोठे, वीसेक होतात. अर्धा तास फ्रीजरमध्ये.

[पातेल्यावर काचेचं वाडगं.]

आता पांढरं चॉकलेट. खालचं पाणी वाडग्याच्या बुडाला लागू द्यायचं नाही, आणि आत एक थेंबही जाऊ द्यायचा नाही. ओला चमचा पडला, तर चॉकलेटमधली साखर ते पाणी धरते आणि सगळं दाणेदार होऊन आवळतं. म्हणून नात वाडगं, चमचा, काटा, सगळं कोरड्या फडक्यानं दोनदा पुसते. घरी कंपाउंड चॉकलेट सोपं पडतं. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं, त्यामुळे तापमानाची कसरत न करताही ते नीट घट्ट होतं. काट्यावर गोळा, एक बुडी, काटा वाडग्याच्या काठावर हलका आपटायचा. खाली चिकटू नयेत म्हणून बटर पेपर.

[सुरीखाली एक ट्रफल. कवच फुटल्याचा आवाज.]

आत गुलाबी, मध्ये लाल रेषा. रंग घातलेला नाही.

चक्का आहे, तेव्हा डबा फ्रिजमध्येच राहणार, तीन दिवस. आजी झाकणावर चिकटपट्टी लावतात आणि पेननं तारीख लिहितात.