गाडी थांबते, सूत्र थांबत नाही

[दृश्य: पावसाळी रस्ता. पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागतात.]

गाडी ताशी ७२ किलोमीटरनं चाललीय. ब्रेक लागले आणि वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंदानं घटू लागला. ब्रेक लागल्यापासून ६ सेकंदांत गाडी किती अंतर कापेल?

आधी एकक बदलायचं. ७२ गुणिले ५, भागिले १८, म्हणजे सेकंदाला २० मीटर. हे राहिलं तर पुढची सगळी आकडेमोड वाया. मग चिन्ह. गाडी जातेय ती दिशा धन, म्हणून सुरुवातीचा वेग यू म्हणजे +२०, आणि त्वरण ए, म्हणजे दर सेकंदाला वेगात होणारा बदल, -५.

[फळ्यावर खडू]

आता बरेच जण करतात तेच करून बघू. ब्रेक लागले तिथपासूनचं अंतर एस, वेळ टी. एस बरोबर यूटी अधिक अर्धा ए टी वर्ग. पहिलं पद १२०, दुसरं उणे ९०. उत्तर ३० मीटर. दिसायला नीटनेटकं, पण साफ चूक.

का? टी सेकंदांनंतरचा वेग व्ही. व्ही बरोबर यू अधिक एटी. व्ही शून्य ठेवा. टी येतो ४ सेकंद. गाडी चौथ्या सेकंदालाच थांबली, ४० मीटरवर. उरलेल्या २ सेकंदांत सूत्रानं तिला १० मीटर मागे आणलं! वर फेकलेला चेंडू खरंच परत येतो, कारण गुरुत्वाकर्षण शिखरावरही खाली ओढतच असतं. ब्रेकचं तसं नाही. गाडी थांबली की तिला मागे ढकलणारं बल उरत नाही, ऋण त्वरणही संपतं. म्हणून थांबायचा वेळ आधी काढायचा. दिलेला वेळ त्याहून जास्त असेल, तर उत्तर ४० मीटरच.

[दृश्य: स्पीडोमीटरचा काटा]

वेळ दिलेला नसेल तर व्ही वर्ग बरोबर यू वर्ग अधिक दोन एएस. याच गाडीचा २० मीटरवरचा, म्हणजे अर्ध्या अंतरावरचा वेग काढा. ४०० वजा २००, वर्गमूळ सुमारे १४.१. ताशी जवळपास ५१ किलोमीटर! अर्धं अंतर संपलं, वेग मात्र सुमारे तीसच टक्क्यांनी उतरला.

प्रश्नातले शब्दही नीट वाचा. ‘ब्रेक लागल्यापासून’ असेल तर ४० मीटर. ‘चालकाला ट्रक दिसल्यापासून’ असेल आणि प्रतिक्रियेला १ सेकंद दिला असेल, तर त्या सेकंदात वेग पूर्ण २०च असतो. तिथं त्वरण शून्य, नुसता वेग गुणिले वेळ. २० अधिक ४०, एकूण ६० मीटर.