वॉर्साचा महापौर : खुर्ची कुणाची, शहर कुणाचं

मंडळी, पोलंडमध्ये स्थानिक प्रमुखाला तीन नावं आहेत. खेड्यांच्या गटाचा प्रमुख तो ‘वुइत’, लहान शहराचा ‘बुर्मिस्त्श’ आणि मोठ्या शहराचा ‘प्रेझिदेंत’. आपल्याकडे सरपंच, नगराध्यक्ष आणि महापौर अशी उतरंड आहे, तसंच काहीसं. ‘महापौर’ हा शब्द मराठीला सावरकरांनी दिला आणि तो इतका रुळला की कुणीतरी तो घडवला होता हेही आपण विसरून गेलो. वॉर्साच्या ‘प्रेझिदेंत’साठी मी आज हाच शब्द वापरणार आहे, नाहीतर राष्ट्राध्यक्ष आणि शहराध्यक्ष यांचा घोळ होईल.

कोल्हापुरात बसून वॉर्सावर बोलताना मला परकं वाटत नाही. इथून हाकेच्या अंतरावर, वळिवड्याला, 1943 ते 1948 या काळात सुमारे 5 हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बायका आणि मुलंच जास्त. त्यांतले बहुतेक पूर्व पोलंडमधून सोव्हिएत फौजांनी हाकलून नेलेले होते, वॉर्साचे नव्हते. पण त्या आठवणीसाठी आज वॉर्सा शहरात कोल्हापूरचं स्मारक उभं आहे. आपल्या गावाचं नाव ज्या शहरानं दगडावर कोरलं, ते शहर कुणी चालवलं, एवढी चौकशी आपण करायलाच हवी.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वॉर्सानं ज्या महापौरांना मनात जपून ठेवलंय, त्यांतल्या सर्वांत मोठ्या दोघांना वॉर्साकरांनी निवडून दिलेलंच नव्हतं. एकाला रशियाच्या झारनं पाठवलं, दुसऱ्याला सरकारनं प्रशासक म्हणून बसवलं. प्रशासक म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. तरीही ते दोघे शहराचे झाले. ते कसे झाले, हा आजचा विषय.

आधी मात्र एका निवडून आलेल्या माणसाबद्दल बोललं पाहिजे. यान डेकेर्ट हा व्यापारी. 1789 मध्ये तो जुन्या वॉर्साचा महापौर झाला. तेव्हा पोलंडमध्ये सगळा कारभार सरदार-उमरावांच्या हातात. शहरात राहणारा व्यापारी किंवा कारागीर कितीही कर भरो, संसदेत त्याला स्थान नव्हतं. डेकेर्टनं 141 शहरांचे प्रतिनिधी वॉर्सात गोळा केले. 2 डिसेंबर 1789 रोजी ही सगळी मंडळी काळे कपडे घालून राजाकडे निघाली. मागणी एकच, आम्हालाही नागरिक समजा. इतिहासात ही ‘काळी मिरवणूक’ म्हणून ओळखली जाते. डेकेर्ट पुढच्याच वर्षी वारला. शहरांना हक्क देणारा कायदा 18 एप्रिल 1791 ला झाला, तो त्याला पाहता आला नाही. आणि 1795 पर्यंत तर रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं पोलंड हा देशच नकाशावरून पुसून टाकला. पुढची सव्वाशे वर्षं राजधानी होती, पण तिच्याभोवतीचा देश नव्हता. अशा शहरात महापौर म्हणजे परक्या सत्तेचा नोकर.

1875 मध्ये असाच एक नोकर आला, सोक्रातेस स्तारिंकिएविच. रशियन जनरल, पूर्वी खेरसोनचा गव्हर्नर. वॉर्सात त्या काळी रशियन अधिकाऱ्याचं स्वागत कुणी मनापासून करेल ही अपेक्षाच नव्हती. रशियाविरुद्धचा 1863 चा उठाव रक्तात बुडवून जेमतेम बारा वर्षं झाली होती. शाळा-कचेऱ्यांतून पोलिश भाषा हद्दपार होत होती.

या माणसानं आल्यावर गटारांकडे पाहिलं. मला त्याची ही गोष्ट फार मोठी वाटते. शहर वाढत होतं, 1882 मध्ये त्यानं शिरगणती करून घेतली तेव्हा लोकसंख्या 3 लाख 80 हजारांच्या आसपास भरली. आणि घाण उघड्या गटारांतून, पाणी विहिरींतून. हॅम्बुर्ग, फ्रँकफुर्टसारख्या शहरांची नळपाणी आणि भुयारी गटार योजना करणारे इंग्रज इंजिनिअर विल्यम लिंडली यांना त्यानं 1876 मध्ये बोलावलं. आराखडा दोन वर्षांत तयार झाला. मग सुरू झाला विरोध. घरमालक म्हणाले, जोडणीचा खर्च आम्ही का सोसायचा? परवानगी रशियाच्या राजधानीतून, पीटर्सबर्गहून यायची, ती यायला वर्षं गेली. तरी स्तारिंकिएविच हटला नाही. 3 जुलै 1886 ला विस्तुला नदीचं गाळलेलं पाणी वॉर्साच्या नळांतून आलं. लिंडलींच्या मुलानं पुढे काम तडीस नेलं, आणि त्यासाठी अख्ख्या शहराची इतकी बारीक मोजणी करून नकाशे काढले की घर न् घर त्यात दिसतं. हे नकाशे लक्षात ठेवा, ते पुढे परत येणार आहेत.

पाणी गाळणारे ते फिल्टर मी पाहायला गेलो होतो. कोशिकोवा रस्त्यावर, शहराच्या ऐन मध्यात. जमिनीखाली विटांच्या कमानी, दगडी खांबांच्या रांगा, खाली वाळूचा थर आणि त्यावर शांत पाणी. देवळाच्या गाभाऱ्यात गेल्यावर आपण आपोआप हळू बोलायला लागतो, तसं तिथे झालं. सव्वाशेहून अधिक वर्षं ही जागा शहराला पाणी देते आहे.

घोड्यांच्या ट्राम, ब्रुद्नोची मोठी दफनभूमी, बागा, झाडं, हे सगळं त्याच्याच कारकिर्दीतलं. 1892 मध्ये तो पदावरून उतरला. परत रशियाला गेला नाही, वॉर्सातच साधेपणानं राहिला आणि 1902 मध्ये तिथेच वारला. परक्या झारच्या या जनरलच्या अंत्ययात्रेला हजारो पोलिश माणसं चालत गेली. त्याच्या नावाचा चौक आजही आहे. स्वातंत्र्य मिळाल्यावर पोलंडनं रशियन राजवटीच्या कितीतरी खुणा मोडून टाकल्या. वॉर्साच्या मध्यावरचं भलंमोठं रशियन कॅथीड्रल पाडलं. पण या नावाला हात लावला नाही.

निवडून आलेली नगरसभा वॉर्साला 1916 मध्ये मिळाली, तीही जर्मनांच्या ताब्यात असताना. 1918 ला देश परत जन्माला आला. मग काही वर्षं निवडणुका, पक्ष, भांडणं, कर्ज, हे सगळं आलं. ते सोडून मी थेट 1934 वर येतो.

1934 मध्ये सरकारनं नगरसभा बाजूला सारून स्तेफान स्ताझिन्स्की यांना प्रशासक नेमलं. ते पोलंडच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते पिलसुड्स्की यांच्या फौजेत लढलेले, अर्थशास्त्राचे जाणकार, अर्थखात्यात उपमंत्री राहिलेले. लोकशाहीच्या बाजूनं पाहिलं तर हे चूकच होतं, आणि मी ते चूकच म्हणेन. पण माणूस कामाला वाघ. रस्ते झाले, बागा झाल्या, खिडक्यांत फुलं लावायच्या स्पर्धा झाल्या, 1936 मध्ये ‘भविष्यातील वॉर्सा’ असं प्रदर्शन भरलं, मेट्रोचे आराखडे निघाले. ती मेट्रो प्रत्यक्षात धावली 1995 मध्ये. मधल्या साठ वर्षांत काय झालं, ते आता सांगतो.

1 सप्टेंबर 1939. जर्मनीनं हल्ला केला. आठवड्याभरात मंत्रालयांनी राजधानी सोडली. रेडिओवरून एका लष्करी अधिकाऱ्यानं धडधाकट पुरुषांना पूर्वेकडे निघून जायला सांगितलं, आणि रात्रीत रस्ते माणसांनी भरून गेले. स्ताझिन्स्की गेले नाहीत. 8 सप्टेंबरला लष्करानं त्यांना शहराच्या बचावासाठी नागरी आयुक्त केलं. त्यांनी नागरिकांचं रक्षक दल उभं केलं, आगी विझवणं, खंदक, भाकरी, पाणी, बेघरांना छप्पर, सगळं त्यांच्याच टेबलावर. आणि ते रोज रेडिओवर बोलायचे. आवाज बसलेला, घोगरा. वॉर्साला ज्याचा आवाज आठवतो असा हा महापौर. 23 सप्टेंबरच्या शेवटच्या भाषणात ते म्हणाले, त्याचा आशय असा : वॉर्सा मोठी व्हावी म्हणून मी आणि माझे सहकारी आराखडे काढत होतो, आम्हाला वाटलं त्याला पन्नास वर्षं लागतील, शंभर लागतील, पण ती आजच मोठी झाली आहे. त्याच दिवशी वीजघर बंद पडलं आणि रेडिओ थांबला. 28 तारखेला शहर शरण गेलं. पळून जाण्याची सोय होती. त्यांनी नकार दिला आणि कचेरीत बसून राहिले, कारण पाणी आणि धान्याचं कुणालातरी पाहायचंच होतं. 27 ऑक्टोबरला गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यांना तिथूनच उचललं.

23 सप्टेंबरलाच त्यांनी आणखी एक नेमणूक केली होती, ती फारशी सांगितली जात नाही. युद्धापूर्वी वॉर्साचा जवळजवळ दर तिसरा माणूस ज्यू होता. ज्यू समाजसंस्थेचा प्रमुख निघून गेला होता. स्ताझिन्स्कींनी इंजिनिअर आदाम चेर्न्याकुव यांना त्या जागी नेमलं. चेर्न्याकुव यांनी त्या दिवशी रोजनिशीत नोंद केली : वेढलेल्या शहरात एक ऐतिहासिक भूमिका. पुढे जर्मनांनी भिंत उभारली, नोव्हेंबर 1940 मध्ये ज्यूंना आत कोंडून ती वस्ती, म्हणजे गेटो, बंद केली, आणि हा माणूस त्या भिंतीआडच्या लाखो लोकांचा एक प्रकारे महापौर झाला. सत्ता शून्य, जबाबदारी सगळी. रोज जर्मन कचेऱ्यांत जायचं, विनवण्या करायच्या, थोडी भाकरी, थोडा कोळसा मिळवायचा. त्यांच्यावर त्या काळात टीका झाली आणि आजही होते. मी त्यांना न्याय देणारा कोण? 22 जुलै 1942 ला लोकांना मृत्युछावणीकडे नेणं सुरू झालं. अनाथ मुलांना वाचवण्याची त्यांची विनंती फेटाळली गेली. 23 जुलैला त्यांनी विष घेतलं.

भिंतीबाहेर स्ताझिन्स्कींच्या खुर्चीवर त्यांचेच सहकारी युलियान कुल्स्की बसले. वर जर्मन अधिकारी, खाली पोलिश कर्मचारी. भूमिगत नेतृत्वाच्या संमतीनं त्यांनी ही खुर्ची सांभाळली. दवाखाने, रेशन, पाणी चालू ठेवायचं, आणि गुपचूप भूमिगतांना मदत करायची. या कामाला ना मिरवणूक, ना पुतळा.

1 ऑगस्ट 1944 ला वॉर्सानं उठाव केला. 63 दिवस लढा चालला. सप्टेंबरच्या सुरुवातीला जुनं शहर पडायला आलं तेव्हा सुमारे 5 हजार माणसं क्रासिन्स्की चौकातल्या झाकणातून भुयारी गटारात उतरली आणि काळोखात, छातीपर्यंतच्या घाणीतून, जखमींना ओढत शहराच्या मध्यभागी बाहेर आली. ती गटारं लिंडलींची, म्हणजे स्तारिंकिएविचची. उठाव मोडल्यावर जर्मनांनी उरलेलं शहर घर न् घर जाळलं. 1945 नंतर जेव्हा पुन्हा बांधायला घेतलं, तेव्हा लिंडलींचे ते बारीक नकाशे वास्तुविशारदांच्या उपयोगी पडले.

पुढचं थोडक्यात सांगतो. कम्युनिस्ट राजवटीनं 1950 मध्ये महापौरपदच काढून टाकलं, ते 1973 मध्ये नावापुरतं परत आलं. खुल्या स्थानिक निवडणुका 27 मे 1990 ला झाल्या. 2002 पासून महापौर थेट जनतेतून. असे पहिले महापौर म्हणजे लेख काचिन्स्की, त्यांनी उठावाचं संग्रहालय उभारलं, पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि 2010 मध्ये स्मोलेन्स्कच्या विमान अपघातात गेले. हान्ना ग्रोन्केविच-वाल्त्स या पहिल्या महिला महापौर, त्या बारा वर्षं होत्या. 2013 मध्ये त्यांना परत बोलावण्यासाठी सार्वमत झालं, पण मतदान कमी पडलं. डेकेर्ट ज्यासाठी काळे कपडे घालून चालला, तो हक्क हाच. लोक महापौराला बसवू शकतात आणि उठवूही शकतात. मला हे स्तारिंकिएविचच्या सगळ्या पाण्याइतकंच मोलाचं वाटतं.

स्ताझिन्स्कींचं पुढे काय झालं, हे वॉर्साला पाऊणशे वर्षं कळलं नाही. कुणी म्हणे दाखाउच्या छळछावणीत मारलं, कुणी आणखी कुठे. 2014 मध्ये पोलंडच्या राष्ट्रीय स्मृती संस्थेच्या तपासात निष्पन्न झालं की 21 ते 23 डिसेंबर 1939 च्या दरम्यान गेस्टापोनं त्यांना वॉर्सात किंवा आसपास गोळ्या घातल्या. म्हणजे अटकेनंतर दोनच महिने. मृतदेह मिळालेला नाही. स्तारिंकिएविच वोलाच्या ऑर्थोडॉक्स दफनभूमीत आहे, चेर्न्याकुव ओकोपोवा रस्त्यावरच्या ज्यू दफनभूमीत. पोवाझ्की दफनभूमीत स्ताझिन्स्कींच्या नावाची समाधी आहे, तिच्यात कुणी नाही.