वजाला वजाने गुणलं की अधिक का?

नमस्कार मंडळी. पालक आहेत, शिक्षक आहेत, आणि पुढे सतरंजीवर सातवी-आठवीची मुलं बसली आहेत. मुलांनो, ‘वजा वजा अधिक’ पाठ आहे ना? छान. मग वजा पाच वजा तीन किती? ऐकलंत? मागून ‘अधिक आठ’ आलं. बाळा, उत्तर वजा आठ, पण चूक तुझी नाही. त्या ओळीत गुणाकार हा शब्दच नाही, म्हणून ती बेरजेतही घुसते. उत्तरपत्रिका तपासताना ही चूक मी आयुष्यभर पाहिली.

सातवीत असताना मी वर्गात विचारलं होतं, ऋण म्हणजे कर्ज, मग कर्जाला कर्जाने गुणल्यावर नफा कसा होतो? ‘नियम आहे, पाठ कर,’ असं उत्तर मिळालं आणि उरलेला तास बाकावर उभं राहावं लागलं. ते अजून लागतं. शिक्षेचं सोडा, माझा प्रश्न बरोबर होता! कर्जाला कर्जाने गुणताच येत नाही. रुपयांना रुपयांनी गुणून काय येणार, चौरस रुपये? गुणाकारात एक आकडा रुपयांचा असतो आणि दुसरा ‘किती वेळा’चा. एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं तरी पुरे होतं.

ते मला सांगितलं वाण्याच्या वहीने. आमचा किराणा उधारीवर यायचा. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही, तेलाच्या बोटांनी कडा काळ्या पडलेल्या. एका महिनाअखेरीस आई हिशोबाला गेली, मी पिशव्या धरून मागे उभा. आमच्या पानावर वीस-वीस रुपयांच्या तीन नोंदी जास्तीच्या निघाल्या, शेजारच्यांच्या आमच्या खाती पडलेल्या. दुकानदारांनी चष्मा कपाळावर सरकवला, तिन्ही ओळींवर आडव्या रेघा मारल्या आणि खालची बाकी साठने उतरवली. रुपयाची देवघेव झाली नाही, तरी आम्ही साठ रुपयांनी वर आलो. आई रस्ताभर खुशीत होती. वीसची उधारी म्हणजे वजा वीस. ती तीन वेळा लिहिली की वजा साठ. तीन वेळा खोडली, म्हणजे वजा तीन गुणिले वजा वीस, की अधिक साठ. मला आठवतं, मी पिशवी खाली ठेवून बोटं मोजली होती.

आपले शब्दही असेच व्यवहारातले. भिल्लमाळच्या ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त धन, ऋण आणि शून्य यांचे नियम सांगितले. ऋणाला ऋणाने गुणलं की धन, हे त्यातच आहे. भास्कराचार्य ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत. चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेलात तर तिथला शिलालेख जरूर पाहा. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातू चांगदेवाने मठ काढला, त्याचा तो लेख. आजोबांचं गणित शिकवायला नातू मठ काढतो, मला तर तिथे भरून येतं.

‘लीलावती’त एक त्रिकोण आहे. बाजू १० आणि १७, पाया ९. वरून लंब टाकला तर पायाचे तुकडे येतात १५ आणि ऋण ६. तुकडा ऋण कसा? भास्कराचार्य सांगतात, उलट दिशेला. लंब पायाच्या बाहेर पडतो. म्हणजे ऋण हे नुसतं कर्ज नव्हे, ती दिशाही आहे. वजाने गुणलं की तोंड फिरतं, पुन्हा गुणलं की पुन्हा…

हो, हो, घड्याळ पाहिलं. पाचच मिनिटं घेतो, कारण सिद्धता सांगतो म्हणून बोलावून घेतलंय तुम्हाला. वहीने पटतं, सिद्ध होत नाही. फळ्याकडे बघा. वजा तीन गुणिले शून्य, शून्य. आता त्या शून्याच्या जागी ४ अधिक वजा ४ लिहू. कंस सोडवला की पहिला भाग वजा तीन गुणिले चार, म्हणजे वजा १२. दुसरा भाग वजा तीन गुणिले वजा चार. दोन्ही मिळून शून्य व्हायलाच हवं. वजा १२मध्ये किती मिळवले की शून्य? बारा. दुसरा आकडा चालतच नाही.

पडताळा घ्या. १८चा वर्ग ३२४. आता १८ म्हणजे २० वजा २ धरून गुणा. ४००, त्यातून ४० गेले, पुन्हा ४० गेले, राहिले ३२०. उरला वजा दोन गुणिले वजा दोन. तो वजा ४ धरलात तर ३१६ येतात, अधिक ४ धरलात तरच ३२४.

काय गं, हात वर? ‘वजा संख्यांचाही कंस तसाच सुटतो हे कशावरून?’ अगं, हाच खरा प्रश्न! साध्या संख्यांचा नियम नव्या संख्यांनाही लागू राहावा, असं आपण आधी ठरवतो आणि मग बाकीचं ओघाने येतं. पण हे दोन मिनिटांत उरकण्यासारखं नाही. उभी राहू नकोस, बस. कार्यक्रम संपला की फळ्यापाशी थांब, मी खडू पुसून टाकत नाही.