उसन्या ठोक्यांवरचं घड्याळ

(पडद्यावर दोन घड्याळं. डावं संगणकाचं, उजवं त्याच संगणकात चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनचं, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकाचं.)

डावं घड्याळ बरोबर आहे. उजवं मात्र मिनिटभरात तीन मिनिटं पुढे पळतं. सुटा भाग एकही बिघडलेला नाही. एकेकाळी लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्यांच्या हा प्रकार चांगलाच ओळखीचा होता.

1993 साली आलेल्या पेंटियम प्रोसेसरमध्ये इंटेलने टाइम स्टॅम्प काउंटर ठेवला. थोडक्यात टीएससी. प्रोसेसरला ताल देणाऱ्या क्लॉकचा प्रत्येक ठोका मोजत राहायचं, एवढंच त्याचं काम. सेकंदाला किती ठोके पडतात हे एकदा कळलं, की आकडा वाचायचा, भागाकार करायचा, वेळ तयार. इतकं स्वस्त घड्याळ हाताशी असताना दुसरं कोण शोधणार?

फक्त ठोक्यांचा वेग कायम राहायला हवा होता. तो राहिला नाही. बॅटरी वाचवण्यासाठी प्रोसेसर आपली क्लॉक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करू लागले, आणि त्या काळच्या टीएससीचा वेगही तिच्याबरोबर बदलायचा.

(पडद्यावर आकडे : 600 मेगाहर्ट्झ, मग 1800.)

समजा, व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअर सुरू झालं तेव्हा प्रोसेसर 600 मेगाहर्ट्झवर सुस्तावला होता. सॉफ्टवेअरने तोच वेग टिपून ठेवला. काम वाढलं, प्रोसेसर 1800 वर गेला. आता खऱ्या एका सेकंदात 180 कोटी ठोके पडतात आणि हिशोब चालू आहे 60 कोटींना एक सेकंद या दराने. गेस्टच्या, म्हणजे आतल्या व्हर्च्युअल मशीनच्या घड्याळात तीन सेकंद होऊन जातात. आतला व्हिडिओ पळतो, कळ एकदा दाबली तरी अक्षर चार वेळा उमटतं.

व्हीएमवेअर या व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरवर याला एक उतारा होता. प्रोसेसरचा कमाल वेग कॉन्फिगरेशन फाइलमध्ये किलोहर्ट्झमध्ये स्वतःच लिहून द्यायचा. 1.7 गिगाहर्ट्झ असेल तर 1700000. सोबत टीएससीवर विसंबू नकोस असं सांगणाऱ्या दोन ओळी. उपाय ओबडधोबडच, पण भागायचं. पुढे प्रोसेसरची फ्रिक्वेन्सी काहीही असो, एकाच दराने चालणारा टीएससी आला आणि हे दुखणं बहुतेक संपलं.

दुसरं दुखणं जास्त चिवट होतं. जुन्या ऑपरेटिंग सिस्टिम टायमरचे इंटरप्ट, म्हणजे त्याने ठरावीक वेळाने प्रोसेसरला दिलेले इशारे, मोजून वेळ ठेवत. लिनक्स 2.4 मध्ये साधारण पीसीवर सेकंदाला 100, 2.6 मध्ये सुरुवातीला 1000. पण व्हर्च्युअल मशीनला प्रोसेसर सतत थोडाच मिळतो? व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे हायपरवायझर, तो काढून दुसऱ्या मशीनला देतो, आणि तेवढ्या वेळातले इंटरप्ट थकतात. मग ही थकबाकी तो एकामागोमाग एक भराभर चुकती करतो. इथे खरी गंमत होते. काही लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आपल्या परीने हुकलेले इंटरप्ट ओळखून वेळ पुढे सरकवत होते. म्हणजे एकच उधारी दोघांनी फेडली. घड्याळ मागे राहण्याऐवजी पुढे गेलं, आणि दोघांचंही वागणं ज्याच्या त्याच्या नियमाने बरोबर!

यातून निघालेली वाट, माझ्या मते, या सगळ्या कहाणीतली सर्वांत शहाणपणाची. गेस्टला आपण खऱ्या यंत्रावर आहोत असं भासवणंच सोडून द्यायचं. लिनक्सच्या केव्हीएम या हायपरवायझरच्या केव्हीएम-क्लॉकमध्ये होस्ट, म्हणजे बाहेरचा खरा संगणक, मेमरीच्या एका सामायिक भागात लिहून ठेवतो : टीएससी अमुक आकड्यावर होता तेव्हा वेळ तमुक होती, आणि ठोक्यांचे नॅनोसेकंद करायचा गुणक हा. गेस्ट टीएससी वाचतो, वजाबाकी करतो, गुणतो, बेरीज करतो. लिहिणं चालू असताना नोंदीचा आवृत्ती क्रमांक विषम असतो. तो दिसला की पुन्हा वाचायचं. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या हायपरवायझरची पद्धतही याच धर्तीची, एकक 100 नॅनोसेकंदांचं.

चालतं मशीन 2.4 गिगाहर्ट्झच्या होस्टवरून 3 गिगाहर्ट्झच्या होस्टवर हलवलं, तर टीएससीचा आकडाही बदलतो आणि दरही. आकडा सावरायला प्रोसेसरमध्येच ऑफसेटची (ठरावीक आकडा मिळवण्याची) सोय आहे, दर सावरायला नंतरच्या प्रोसेसरांमध्ये स्केलिंग (ठरावीक पटीने गुणणं).

गोठवून ठेवलेलं मशीन तीन तासांनी जागं केलं, तर त्याच्या लेखी काही क्षणच गेलेले असतात. नेटवर्कवर ओळख पटवणारी केर्बेरॉस ही पद्धत तर मूळ सेटिंगमध्ये पाच मिनिटांहून जास्त फरक खपवून घेत नाही, लॉगिन अडतं. नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी एनटीपी हळूहळू दुरुस्ती करते तेव्हा सेकंदाला जास्तीत जास्त अर्धा मिलिसेकंद. एका सेकंदाची चूक भरायला अर्ध्या तासाहून जास्त. फरक 1000 सेकंदांच्या वर गेला, तर एनटीपी चालवणारी एनटीपीडी ही सेवा मूळ सेटिंगमध्ये बंदच पडते. म्हणून जागं होताच वेळ एका झटक्यात बसवावी लागते, आणि त्यानंतर ती सांभाळायला एकच कुणीतरी ठेवायचा : एनटीपी किंवा हायपरवायझरची सिंक सेवा. दोन्ही चालू ठेवली, की ओढाताण सुरू.