वास गेला, तर रोबोट काय करेल?

मंडळी, हल्ली ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो: "रोबोटचं ऑपरेशन निघालंय ना, मग माझा वास परत येईल का?" विचारणारा अगदी काकुळतीला आलेला असतो. सर्दी-ताप किंवा कोविड होऊन महिने लोटलेले असतात आणि अजून फोडणीचा वास येत नाही. म्हणून आधी रोबोटबद्दलच बोलू.

रोबोट स्वतः ऑपरेशन करत नाही. सर्जन बाजूला बसून त्याचे हात चालवतो. हाताची सूक्ष्म थरथरसुद्धा यंत्र गाळून टाकतं. तोंडातून घशातल्या गाठी काढायला अमेरिकेत २००९ साली त्याला मान्यता मिळाली. जिभेच्या मुळाशी किंवा टॉन्सिलमध्ये कॅन्सरची गाठ असेल, तर निवडक रुग्णांचा जबडा न कापता तिथे पोचता येतं. हे मोठंच काम आहे. पण वास घेणारी जागा नाकाच्या अगदी छताला, जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या फटीत असते. रोबोटची अवजारं त्याहून कितीतरी जाड. आणि समजा ती उद्या बारीक झाली, तरी विषाणूने केलेल्या इजेत कापण्यासारखं काही नसतंच.

नाकात पॉलिप, म्हणजे अस्तराचे मऊ फुगवटे, वाढले, तर हवा वरपर्यंत पोचत नाही. तिथे दुर्बिणीच्या ऑपरेशनने पुष्कळांचा वास परततो. विषाणूची गोष्ट वेगळी. कोरोना विषाणू ज्या एसीई-२ प्रथिनाला धरून पेशीत शिरतो, ते वास ओळखणाऱ्या चेतापेशींवर जवळजवळ नसतंच. ते असतं त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर. त्या कोसळल्या की चेतापेशींचंही काम बिघडतं. सुदैवाने या चेतापेशी तळातल्या मूळपेशींपासून आयुष्यभर नव्याने तयार होतात. नव्या पेशीला आपला तंतू चाळणीसारख्या हाडातून मेंदूपर्यंत न्यावा लागतो, म्हणून वेळ लागतो.

ही जुळणी अर्धवट झाली की कॉफी, कांदा, लसूण यांना जळका, कुजका वास येऊ लागतो. याला पॅरोस्मिया म्हणतात. घरातली सून स्वयंपाकघरात पाय ठेवू शकत नाही आणि घरचे म्हणतात, नखरे करते. कृपा करून असं म्हणू नका. तिला तो वास खरोखरच येतो. अशा माणसाचं वजन उतरतं, मन खचतं. त्यांना थंड, साधं जेवण द्या. दहीभात बहुधा सोसतो.

उपाय दिसायला साधा आहे. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ साली गंध-सरावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास, सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे. सराव करणाऱ्यांत न करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारणा दिसली. प्रत्येक वास दहा-वीस सेकंद, हळूहळू हुंगायचा, आणि तो पूर्वी कसा यायचा ते आठवत राहायचं. मी तर रुग्णांना सहा महिन्यांचीच तयारी ठेवायला सांगतो, कारण बरेच जण पंधरा दिवसांत कंटाळून सोडून देतात. सगळ्यांचा वास पूर्ण परततो असं नाही, हेही मी आधीच सांगतो.

तोवर घरात गॅसगळतीचा अलार्म बसवा. सिलिंडरमध्ये मर्कॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळतात ते गळती वासाने कळावी म्हणून, आणि तुम्हाला तोच कळणार नाही. एकाच नाकपुडीतून रक्त येत असेल, तीच बाजू सतत बंद राहत असेल, तर मात्र सराव करत बसू नका. दुर्बिणीने नाक तपासून घ्या, लगेच.