अर्धं घरटं आणि वाळूतली नक्षी

[दृश्य: काटेरी झाड, फांदीच्या टोकाला लोंबणारं घरटं]

हे घरटं नीट बघा. ते अर्धंच आहे. एखादं शिरस्त्राण टांगून ठेवावं तसा आकार, खालून उघडा, मधोमध एक आडवी पट्टी. विणणारा मुद्दाम इथे थांबलाय.

या पक्ष्याला आपण सुगरण म्हणतो, आणि तिथेच भाषेनं नरावर अन्याय केलाय. कारण हे विणकाम सगळं त्याचं. पात्याच्या कडेला चोचीनं खाच पाडायची, टोक धरून उडायचं, की लांब पट्टी चिरत येते. अशा पट्ट्यांसाठी शेकडो खेपा. आतून ओल्या मातीचे लपके. आणि एवढं झालं की घरट्याला लटकून, पंख फडफडवत एकच कलकलाट. या, बघून जा!

[दृश्य: मादी घरट्यात शिरते]

मादी येते. मधल्या पट्टीवर बसते. एखादा धागा ओढून बघते आणि शेजारच्याच्या घरट्याकडे निघून जाते. विणीपेक्षा तिचं लक्ष जागेवर जास्त असतं. झाड कोणतं, घरटं किती उंचावर, फांदी किती बारीक. बरोबरच आहे, वीण सुबक म्हणून साप काही मागे फिरणार नाही. तिला पसंत पडलं तरच नर अंड्यांची खोली बंद करतो आणि खाली येण्याजाण्याची लांब नळी विणतो. नाहीतर ते अर्धवट घरटं तसंच लोंबकळत राहतं. बाकी, होकार मिळाला म्हणून हा संसारात रमतो असंही नाही. एकीचं घरटं पुरं झालं की पठ्ठ्या दुसरं विणायला मोकळा.

[दृश्य: पिसारा फुलवलेला मोर]

मिरवायचं नरानं आणि निवडायचं मादीनं, ही वाटणी बऱ्याच प्राण्यांत दिसते. मोराचं पीस पाहिलं की मला मळमळतं, असं चार्ल्स डार्विननं १८६० साली एका पत्रात लिहिलं होतं. जगण्याच्या झगड्यात असलं ओझं टिकलंच कसं, हे त्याला सुटत नव्हतं. १८७१ मध्ये त्यानं उत्तर मांडलं. पिसारा टिकला, कारण पिढ्यान्‌पिढ्या लांडोरींनी तो निवडला.

[दृश्य: पानावर कोळ्यांची जोडी]

परीक्षा आली की कॉपीही आलीच. युरोपातला एक कोळी मादीला भेट देतो, रेशमात गुंडाळलेली माशी. ती खाण्यात गुंतते, तेवढ्यात हा आपला कार्यभाग साधतो. पण काही महाभाग आत माशीऐवजी वाळका काटक-कचरा किंवा आधीच चोखून टाकलेलं पोकळ कवच भरतात. वरून पुडकं तेच दिसतं. फसवणूक कळली की मादी मिलन लवकर आटोपतं घेते.

[दृश्य: समुद्रतळ, वाळूत कोरलेलं वर्तुळ]

आणि हे जपानच्या अमामी ओशिमा बेटाजवळचं पाणी. वाळूतली ही नक्षी पाण्यात बुडी मारणाऱ्यांना पहिल्यांदा दिसली १९९५ साली. सुमारे दोन मीटर रुंद, सूर्यासारखी, मध्यापासून बाहेर जाणाऱ्या सऱ्या. हे कोणाचं काम, ते पुढे कित्येक वर्षं कळेना.

कारागीर निघाला वीतभरही नसलेला पफर मासा. पोट वाळूत घासत, पर हलवत तो सरळ रेषेत आत घुसतो, बाहेर येतो, जरा सरकून पुन्हा घुसतो. आठवडाभर, कधी नऊ दिवस. मग उंचवट्यांवर शिंपल्यांचे तुकडे आणून ठेवतो. या सऱ्यांमुळे अगदी बारीक वाळू मधोमध गोळा होते, आणि मादी अंडी घालते ती तिथेच. त्या क्षणी नर तिच्या गालाला चावा घेऊन तिला धरून ठेवतो. मग ती निघून जाते.

अंडी फुटेपर्यंत राखण याच्याकडे. या दिवसांत तो नक्षीची डागडुजी करत नाही. प्रवाह एकेक सरी बुजवत जातो. जुनं वर्तुळ तो पुन्हा वापरत नाही. थोडं पलीकडे जातो, आणि कोऱ्या वाळूत पोट टेकवून पहिली सरी ओढतो.