भाषा कुठली ते नंतर, आधी डाँगल कुठंय ते सांगा

माइक चालू आहे ना? मागपर्यंत येतंय ऐकू? बरं. विषय बोर्डावर लिहिलाय, मोठ्या बिझनेस सॉफ्टवेअरसाठी भाषा आणि प्लॅटफॉर्म कसा निवडावा, आणि मी चार निकष सांगीन असं कबूल करून बसलोय. सांगतो. पण आधी एक किस्सा, त्याशिवाय माझी गाडी पुढे सरकत नाही. माझ्या टीममधले जे इथे आलेत त्यांनी तो ऐकलाय, त्यांनी खुशाल मोबाइल बघावा.

तर बऱ्याच वर्षांपूर्वी एका कंपनीत बिलिंग आणि स्टॉकची नवी सिस्टीम करायची होती. भाषा कुठली यावर तीन महिने मीटिंगा. जावा का डॉट नेट, डॉट नेट का जावा. डॉट नेट म्हणजे मायक्रोसॉफ्टचा प्लॅटफॉर्म, त्याची मुख्य भाषा सी शार्प. एक एक्सेल शीट होतं, चाळीस ओळी, प्रत्येक ओळीला दहापैकी मार्क आणि बाजूला वेटेज, आणि ज्याला जे जिंकवायचं असेल तो आदल्या रात्री गुपचूप वेटेज बदलून ठेवायचा, सकाळी आम्ही सगळे गंभीर चेहऱ्यानं नवा निकाल बघायचो. शेवटी जावा साडेतीन मार्कांनी जिंकली. हसू नका, तुमच्याकडेही ते शीट असणार.

आणि बिलं छापायचं टूल कधी ठरलं माहितीये? एका शुक्रवारी संध्याकाळी, सात मिनिटांत, आणि ठरवलं मी. एका छोट्याशा कंपनीचं होतं, डेमो झकास, माउसनं चौकोन ओढले की बिल तयार. लायसन एका डाँगलमध्ये. नव्या पोरांसाठी सांगतो, डाँगल म्हणजे एक ठोकळा, कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला खोचायचा, तो असेल तरच सॉफ्टवेअर उघडणार.

चार-पाच वर्षांत ती छोटी कंपनी बंद पडली. सोर्स कोड आमच्याकडे नाही, बिलांचे फॉर्म ज्या फाइलीत सेव्ह व्हायचे त्या दुसऱ्या कशातच उघडत नाहीत, टूल नव्या विंडोजवर चालत नाही आणि नव्या मशिनला तो पोर्टच नाही. मग काय, एक जुनं मशिन टेबलाखाली ठेवलं, त्यावर कागद चिकटवला, 'बंद करू नये', आणि सगळी बिलं वर्षानुवर्षं त्या खोक्यातून निघत राहिली. एकदा ऐन महिनाअखेरीला जागा बदलताना कोणीतरी टेबल सरकवलं आणि डाँगल निखळून कुठेतरी गेला. छपाई ठप्प. आम्ही तीन सीनियर माणसं जमिनीवर पालथी, हातात मोबाइलचा टॉर्च, वायरींच्या जंजाळात शोधतोय, आणि दारात ऑडिटर. काय हरवलंय म्हणाला. मी म्हटलं, लायसन. त्याला वाटलं गाडीचं, म्हणाला डुप्लिकेट मिळतं हो, अर्ज करा.

आता गंमत बघा. ज्या जावावर तीन महिने डोकी फोडली तिनं कधीच त्रास दिला नाही. १९९५ ची भाषा, सन मायक्रोसिस्टीम्सची, २०१० मध्ये ओरॅकलनं अख्खी सनच विकत घेतली, मालक बदलला, तरी जुना कंपाइल केलेला कोड बहुतेक वेळा नव्या जेव्हीएमवर, म्हणजे जावा चालवणाऱ्या इंजिनवर, उठून चालायला लागतो. जावाची खुली आवृत्ती म्हणजे ओपनजेडीके, तिचा सोर्स खुला आहे, एका कंपनीचं पटलं नाही तर दुसरीनं तयार केलेली बिल्ड घ्या. डॉट नेटचं वेगळं झालं. २००२ चं फ्रेमवर्क विंडोजपुरतं, २०१६ मध्ये डॉट नेट कोअर आलं, ते लिनक्सवरही चालतं, उत्तमच आहे, पण वेब फॉर्म्स, म्हणजे जुन्या फ्रेमवर्कमधलं वेबचे स्क्रीन बनवायचं साधन, तिकडे गेलंच नाही. म्हणजे सी शार्प तीच, सेमिकोलन तेच, आणि ज्यांचे शेकडो स्क्रीन वेब फॉर्म्समध्ये होते त्यांनी ते परत लिहायला घेतले. व्हीबी सिक्स, म्हणजे जुनं व्हिज्युअल बेसिक, ते वापरणाऱ्यांना तर डॉट नेट आल्यावर भाषाच नवी शिकावी लागली, नाव तेवढं जुनं राहिलं. आणि कोबोल या जुन्या भाषेला हसणाऱ्यांनी जरा जपून, ती ठरवायला १९५९ मध्ये कमिटी बसली होती, बँकांमधे अजून चालतंय.

म्हणून माझं म्हणणं, भाषेवर आपण भांडतो कारण भाषा आपल्याला येते. अडकतो मात्र तिच्या आजूबाजूच्या गोष्टींत, स्क्रीनचं फ्रेमवर्क, रिपोर्ट टूल, लायसन, डेटाबेसमधल्या प्रोसिजरी म्हणजे तिथेच लिहून ठेवलेले प्रोग्राम, आणि त्यांची नावं त्या एक्सेल शीटमध्ये नसतातच.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, चार निकष, पळत पळत.

एक, पैशाचे आकडे. फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांक जवळपास धरणाऱ्या नेहमीच्या टाइपमध्ये, ०.१ आणि ०.२ मिळवले की ०.३०००००००००००००००४ येतं, लेजर, म्हणजे हिशोबाची वही, जुळत नाही. सी शार्पमध्ये दशांश नेमके धरणारा डेसिमल टाइप आहे, जावात बिगडेसिमल आहे, बेरजेलाही मेथड बोलवावी लागते, दिसायला गबाळं पण हिशोब बरोबर. जावास्क्रिप्टमध्ये मुळात असा टाइपच नाही, लायब्ररी घ्या.

दोन, अपग्रेड. डॉट नेटच्या एलटीएसला, म्हणजे जास्त दिवस सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीला, तीन वर्षं सपोर्ट, सिस्टीम पंधरा वर्षं चालणार, म्हणजे चार-पाच उड्या आत्ताच बजेटमध्ये धरा. पायथन भाषेच्या आवृत्ती दोनवरून तीनवर जायला लोकांना २००८ ते २०२० एवढी वर्षं मिळाली, तरी शेवटच्या आठवड्यात धावपळ करणारे होतेच.

तीन, माणसं. लिहिणारे मिळतीलच हो, दुसऱ्याचा दहा वर्षं जुना कोड वाचून न चिडणारी किती मिळतील ते बघा. टाइप असलेल्या भाषेत, म्हणजे कुठल्या फील्डमध्ये काय बसणार ते आधी सांगावं लागतं तिथे, त्यांचं जरा बरं चालतं, एखादं फील्ड बदललं तर कुठे कुठे फुटतंय ते कंपाइलर सांगतो.

चार, बाहेर पडायचा रस्ता. प्रत्येक टूलला विचारा, तुझा मालक उद्या गेला तर माझा डेटा आणि माझे फॉर्म कुठल्या फॉरमॅटमध्ये माझ्या हातात येतील? गप्प बसला तर घेऊ नका, डेमो कितीही झकास असो.

काय म्हणालात? आज नवीन करायचं तर काय घेईन? टीमला जे आधीपासून येतंय ते, जावा किंवा सी शार्प, खाली पोस्टग्रेस हा डेटाबेस, बिझनेसचे नियम साध्या क्लासेसमध्ये, फ्रेमवर्कपासून लांब. बिलं छापायला काय? ते मला विचारू नका, ते ठरवायची मला परवानगी नाही आता.